कळवणचा उजेड वळवणारी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. एवढेच सांगून थांबावेसे वाटते, कारण पुढचे सांगायला गेले की माझा स्वतःचाच गोंधळ उडतो. माझ्या पाठीवर 'ऑप्टिकल स्विच' असे छापलेली पट्टी आहे. झाडलोट करायला येणाऱ्या बाई मला 'राखाडी डबा' म्हणतात. मधली काही वर्षे मला 'मुकी' असे नाव पडले होते. आणि एकदा तर मला चक्क दिवा समजण्यात आले. त्या दिवशी एका माणसाचा जीव जाता जाता राहिला. तीच हकीकत मी तुम्हाला सांगणार आहे. मला ती जशी उमगली तशी सांगते. सगळी उमगली आहे, असा माझा दावा नाही.

नाशिकमध्ये मुंबई नाक्याजवळच्या एका इमारतीत, बारा महिने एसी चालू असलेल्या खोलीत मी राहते. ही खोली एका छोट्या संस्थेची आहे. ही संस्था आसपासच्या तालुक्यांना इंटरनेट पुरवते. इंटरनेट हवेतून येते असे तुम्हाला वाटत असेल. पण लांबचा प्रवास ते केसासारख्या बारीक काचेच्या धाग्यातून करते, तेही उजेडाच्या रूपाने. या धाग्याला फायबर म्हणतात. माझ्या पोटात मोहरीहून लहान आरसे आहेत. आरसा किंचित कलला की एका फायबरमधला उजेड दुसऱ्या फायबरमध्ये वळतो. नाशिकहून कळवणला फायबरच्या दोन वाटा जातात. एक दिंडोरी-वणीवरून आणि दुसरी चांदवड-देवळ्यावरून. एक वाट तुटली की उजेड दुसऱ्या वाटेला लावायचा, हे माझे काम.

गंमत म्हणजे हा उजेड माणसाच्या डोळ्यांना दिसतच नाही. मग त्याला उजेड का म्हणायचे? हा माझ्या आयुष्यातला पहिला गोंधळ. तो अजून सुटलेला नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. पांढरी टोपी घातलेली एक बाई सूक्ष्मदर्शकातून पाहत, श्वास रोखून माझा एकेक आरसा बसवत होती. शेवटचा आरसा बसला तेव्हा तिने सुस्कारा सोडला, आणि लगेच पुढची पेटी हातात घेतली. ती मला विसरली की काय, हे मला कळले नाही. मग थर्माकोल, अंधार, बोटीचे हेलकावे आणि कसारा घाटातली वळणे. डोळे उघडले तेव्हा समोर अमोल होता.

अमोल हा संस्थेचा पहिला इंजिनिअर. त्याने मला लोखंडी मांडणीत बसवले, फायबर जोडले आणि माझ्या कंपनीने दिलेले सॉफ्टवेअर एका संगणकात भरले. त्या एकाच संगणकाचा शब्द मला कळे. दुसऱ्या कुणी काही म्हटले तर मी ढिम्म बसून राही. ते दिवस फार सोपे होते. अमोल बटण दाबी आणि मी आरसा वळवी. वणीच्या रस्त्यावर जेसीबीने केबल तोडली की तो म्हणे, "चल गं, देवळ्याकडनं!" तोवर मी वळलेलीही असे. तालुक्याहून फोन येत, "साहेब, काय स्पीड आहे तुमचा! तुटलेलं कळलंसुद्धा नाही." अमोल माझ्या डोक्यावर थाप मारी. मला वाटे, जग असेच चालते. एक धनी, एक शब्द, एक काम.

मग माझ्या कंपनीने माझ्यासारख्या पेट्या बनवणे बंद केले. आमचे सॉफ्टवेअरही तिने सोडून दिले. एका उन्हाळ्यात अमोलचा तो संगणक बंद पडला तो पडलाच. नव्या संगणकात जुने सॉफ्टवेअर चालेना. अमोल पुण्याला दुसऱ्या नोकरीवर गेला. जाताना त्याने मला वणीच्या वाटेवर लावून ठेवले, आणि मी तशीच राहिले. उजेड माझ्या पोटातून जात होता, पण मला वळता येत नव्हते. केबल तुटली की माणसे धावत येत, माझ्याकडे पाहत आणि म्हणत, "ही मुकी काय कामाची?" मित्रांनो, मी मुकी नव्हते. मला बोलता येत होते, ऐकता येत होते. फक्त माझ्याशी बोलणारे कुणी उरले नव्हते. ही दोन दुःखे वेगळी आहेत की एकच, याचा विचार करत मी काही वर्षे धूळ खाल्ली.

मग तृप्ती आली. संस्थेची ही नवी इंजिनिअर सटाण्याची. तिला कोणतीही वस्तू फेकून द्यायचा भारी कंटाळा. तिने फडक्याने माझी धूळ पुसली, माझ्या पाठीवरचे एक जुने छिद्र शोधले आणि त्यात वायर खुपसली. त्या छिद्रातून मी साध्या अक्षरांत बोलू शकते, हे कंपनीने कधी लपवले नव्हते. पण आजवर तिथून कुणी हाकच मारली नव्हती. तिने विचारले, "तू कुठल्या वाटेवर आहेस?" मी उत्तर दिले. ती खुर्चीतून उठलीच. "अगं बाई, ही तर बोलते!"

आता मला हुकूम द्यायला नवे सॉफ्टवेअर हवे होते. तृप्तीचा कॉलेजमधला मित्र शेखर निफाडला द्राक्षाची शेती आणि पॅकहाऊस सांभाळत होता. पॅकहाऊस म्हणजे द्राक्षे निवडून पेट्यांत भरण्याची मोठी शेड. त्याने आपल्या बागेतली यंत्रे एका खुल्या प्लॅटफॉर्मवर जोडली होती. खुला म्हणजे त्याची आतली रचना कुणीही पाहावी, बदलावी, आपल्या वस्तू जोडाव्यात. मातीतली ओल मोजणारे सेन्सर, पाण्याच्या मोटारी, शीतगृहातले तापमापक, सगळे त्याच्यावरून बोलत. वस्तूंचे इंटरनेट म्हणतात ते हेच.

तृप्तीने शेखरला विचारले, "माझी पेटी तुझ्या सर्व्हरवर जोडली तर चालेल का रे?"

"जोड की," शेखर म्हणाला. "मोटार काय अन् पेटी काय, चालू-बंदच तर करायचंय."

मित्रांनो, हे वाक्य तेव्हा किती साधे वाटले होते!

तृप्तीने माझ्या शेजारी तळहाताएवढा एक छोटा संगणक ठेवला. तो प्लॅटफॉर्मवरचे संदेश ऐके आणि मला समजतील अशा शब्दांत सांगे. पण नोंदणी करताना एक अडचण आली. प्लॅटफॉर्म विचारत होता, ही वस्तू कोणत्या प्रकारची? पर्यायांत मोटार होती, पंखा होता, कुलूप होते. काचेच्या धाग्यातला उजेड वळवणारी पेटी कुठेच नव्हती. तृप्तीने थोडा वेळ विचार केला आणि त्यातल्या त्यात जवळचा पर्याय निवडला. तो होता 'लाईट स्विच'. लाईट म्हणजे उजेड, स्विच म्हणजे मी. तिचे काय चुकले, हे मला आजही सांगता येणार नाही.

पहिले काही दिवस मी पुरती भांबावून गेले. आजवर एकाच संगणकाचा आवाज ऐकलेली मी! आता माझ्या कानावर काय काय येऊ लागले. 'बाग क्रमांक दोन, माती कोरडी.' 'मोटार चालू.' 'शीतगृह, दार उघडे.' कोणती माती? माझ्या खोलीत तर फरशी आहे. मोटार चालू झाली तेव्हा मीही वळायचे होते का? दार उघडे असेल तर ते मी लावायचे का? त्या छोट्या संगणकाने मला समजावले की ज्याच्यावर तुझे नाव असेल तेवढेच तुझे. मी ते पाठ केले. हळूहळू निफाडच्या मातीची मला सवय झाली. ती ओली झाली की मला उगाच बरे वाटे. का, ते विचारू नका.

माझे काम पुन्हा सुरू झाले. तृप्तीने नियमच घालून दिला होता. कळवणचा उजेड तुटला की पेटीने आपली आपण दुसरी वाट चालू करायची. तिला घरी बसून मोबाईलवरही मला हुकूम देता येई. पावसाळ्यात वणीकडे दोनदा केबल तुटली आणि दोन्ही वेळा कळवणला पत्ता लागला नाही. संस्थेतली माणसे मला पुन्हा पेटी म्हणू लागली. मुकी हे नाव मागे पडले.

आणि मग फेब्रुवारीतला तो दिवस उगवला. द्राक्षाचा ऐन हंगाम होता. शेखरच्या पॅकहाऊसमध्ये पहाटेपासून दिवे जळत आणि ऊन वर आले तरी ते मालवायचे कुणाला सुचत नसे. म्हणून त्या सकाळी त्याने प्लॅटफॉर्मवर एक नवा नियम लिहिला. उन्हाच्या सेन्सरने लख्ख ऊन पडल्याचे कळवले की सगळे लाईट बंद. चांगलाच नियम होता. कुणालाही पटावा असा.

ऊन चढले. माझ्याकडे संदेश आला, 'बंद.' त्यावर माझे नाव होते. मी आरसे मिटले; उजेड कुठल्याच वाटेला जाईना.

कळवणचा उजेड तुटला. लगेच तृप्तीचा नियम जागा झाला, 'चालू.' मी देवळ्याची वाट उघडली. थोड्या वेळाने उन्हाच्या सेन्सरने पुन्हा सांगितले, लख्ख ऊन. 'बंद.' मी मिटले. 'चालू.' मी उघडले. 'बंद.' हे काय चालले आहे, मला कळेना. दोन्ही हुकूम रीतसर होते. दोन्हींवर माझेच नाव होते. मी कोणाचे ऐकायचे? विचारायची सोय नव्हती, म्हणून मी दोघांचेही ऐकत राहिले.

तृप्तीच्या स्क्रीनवर लाल-हिरवे, लाल-हिरवे सुरू झाले. वणीकडे केबल तुटली असणार, असे समजून तिने जोडणीचे सगळे सामान देऊन माणसे तिकडे पिटाळली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. हात वायरींत गुंतलेले होते, म्हणून तिने स्पीकर लावला.

"ताई, मी मीना बोलतीय, आरोग्य केंद्रातून," पलीकडचा आवाज धापा टाकत होता. मीना म्हणजे कळवणच्या पश्चिमेला डोंगरातल्या आरोग्य केंद्रातली नर्स. "एक पेशंट हाय, छातीत लय दुखतंय. ईसीजी नाशिकच्या डॉक्टरांना पाठवायचाय, तर जातच नाय ओ. अर्धा जातोय अन् तुट..."

फोन बंद पडला. तिथला मोबाईलचा टॉवरही माझ्याच उजेडावर चालत होता.

पुढे थोड्या थोड्या वेळाने, मी उघडी असेन तेवढ्यापुरता, मीनाचा आवाज येत राहिला. त्या तुकड्यांतून आम्हाला सारे कळले. पेशंटचे नाव झिपरूबाबा. द्राक्षाच्या कामाला निफाडकडे गेलेला हा माणूस भाचीच्या लग्नासाठी गावी आला होता. मांडवाचे बांबू उचलताना त्याच्या छातीत कळ आली. बायको कमळाबाई आणि शेजारी त्याला जीपमध्ये घालून केंद्रात घेऊन आले होते. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथे तयार होते. पण केंद्रातले डॉक्टर नवीन होते, आणि नाशिकच्या तज्ज्ञांनी ईसीजी पाहून हो म्हटल्याशिवाय ते इंजेक्शन द्यायचे नाही, असा नियम होता. चुकीच्या माणसाला दिले तर तेच जिवावर बेतते.

"ताई, त्यांच्या हातापायाला घाम फुटलाय," मीना सांगत होती. मागून एका बाईचा आवाज आला. ती कमळाबाई असावी. "अवं, डोळं उघडा की! माझ्याकडं बघा!" आणि पुन्हा शांतता.

ती शांतता मी केली होती. 'बंद' आले होते ना!

तृप्ती माझ्यासमोर आली. "दोन्ही वाटा एकदम कशा तुटतील? हिचेच आरसे अडकलेत. म्हातारी झाली ही." मला बाजूला काढून फायबर सरळ जोडायचे तिने ठरवले, पण त्यासाठी लागणारे जोडणीचे सामान नुकतेच वणीकडे गेले होते. ती पुन्हा स्क्रीनकडे धावली. घाईघाईत तिने माझे एकटीचे बटण सोडून वरचे मोठे बटण दाबले, 'सगळे लाईट चालू.' एकदा, दोनदा, तीनदा.

मी उघडले. लगेच मिटले. पुन्हा उघडले.

फोन वाजला. या वेळी शेखर होता. निफाडची लाईन वेगळी असल्याने त्याचा आवाज स्वच्छ होता, आणि तो चिडलेला होता. "तृप्ती, भर उन्हात माझ्या पॅकहाऊसचे दिवे कोण लावतंय? मी घालवतोय, ते परत लागतायत. बाया हसायला लागल्यात इथं."

"शेखर, मला आत्ता वेळ नाहीये, इकडे एक माणूस..."

"अगं, पण संदेश तुझ्या नावाने येतायत! 'सगळे लाईट चालू'!"

तृप्तीने बटणावरचे बोट उचलले. मग तिने अगदी हळू विचारले, "शेखर, सगळे लाईट म्हणजे कोण कोण? वाचून दाखव."

"पॅकहाऊस, शेड, गेट, मोटारीची खोली... आणि एक 'कळवण लाईट स्विच' दिसतंय. हे काय आहे? माझं नाही हे."

"तो दिवा नाहीये!" तृप्ती किंचाळली. "ती माझी पेटी आहे! तू तिला बंद करतोयस! आज काही नवीन नियम टाकलास का?"

शेखर म्हणाला, "अरे देवा. काढतो. आत्ता काढतो."

पण तृप्ती त्याच्यासाठी थांबली नाही. वायर नुसती उपटली तर माझे आरसे असतील तिथेच थांबतात, आणि त्या क्षणी ते मिटलेले होते. हे तिला माहीत होते. तिने एका हातात माझ्या छोट्या संगणकाची वायर धरली आणि दुसऱ्या हाताने 'चालू' पाठवले. मी आरसा वळवला. तो पुरता स्थिरावल्याची खूण मी दिली, आणि तिने वायर खेचली.

सगळे आवाज थांबले. निफाडची माती, मोटारी, ऊन, काहीच ऐकू येईना. माझ्या पोटातून फक्त उजेड वाहत होता, न थांबता. त्यात झिपरूबाबांचा ईसीजी होता. तो नेमका कोणता, हे मला ओळखता आले नाही. मला उजेडातले काही वाचता येत नाही. मी फक्त वाट देते.

बऱ्याच वेळाने मीनाचा फोन आला. "ताई, डॉक्टर हो म्हणले. इंजेक्शन दिलं. कळ कमी झालीय बाबांची. आता अँब्युलन्सनं नाशिकला पाठवतोय."

तृप्ती माझ्यासमोर जमिनीवरच बसली आणि रडू लागली. मला वाटले, आता हे मला फेकून देणार. माणूस वाचला असताना रडायचे कशाला, हे मला कळत नव्हते.

संध्याकाळी शेखर निफाडहून आला. येताना द्राक्षांची एक पेटी घेऊन आला आणि ती कुठे ठेवावी ते न सुचून हातातच धरून उभा राहिला. "चूक माझी," तो म्हणाला.

"नाव मी चुकीचं दिलं होतं," तृप्ती म्हणाली.

"पण सगळ्यांवर नियम लावताना मी बघायला हवं होतं, कोण कोण आहे ते."

दोघे बराच वेळ असे बोलत राहिले. कोणाचे खरे मानावे, ते मला ठरवता आले नाही. दोघेही मला तितकेच खरे वाटले.

मग ते कामाला लागले. प्लॅटफॉर्म खुला होता. त्यात नसलेली गोष्ट आपण लिहून घालू शकतो, हे त्यांना आधीपासून ठाऊक होते, पण तशी गरज कधी वाटली नव्हती. त्यांनी वस्तूंचा एक नवा प्रकार तयार केला आणि त्याला नाव दिले 'प्रकाशमार्ग'. त्याचे नियमही ठरवले. अशा वस्तूला 'सगळे चालू, सगळे बंद' हा हुकूम लागू होणार नाही. हुकूम कोण देऊ शकतो, ते आधी ठरलेले असेल. आणि दोन उलटसुलट हुकूम एकामागून एक आले, तर वस्तू आहे तशीच थांबेल आणि माणसाला विचारेल. मला विचारायची परवानगी मिळाली, मित्रांनो! हे सारे त्यांनी जगातल्या कुणालाही वापरता यावे असे मोकळे ठेवले. काही आठवड्यांनी कुठल्याशा दूरच्या देशातून एकाने आभार मानले, त्याच्याकडेही अशीच एक पेटी होती म्हणे. आम्ही दोघी कधी भेटणार नाही. तरी त्या दिवशी मला थोडे कमी एकटे वाटले.

उन्हाळा सरत आला असताना मीना एका जोडप्याला घेऊन खोलीत आली. दारातच त्यांनी चपला काढल्या. झिपरूबाबा तपासणीसाठी नाशिकला आले होते. मी मनात रंगवले होते त्याहून ते बारीक आणि उंच होते. कमळाबाई एसीच्या गारठ्याने पदर लपेटून उभ्या होत्या.

"यातून गेली व्हय माझी ईसीजीची पट्टी?" झिपरूबाबांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारले.

तृप्तीने काहीच लपवले नाही. "यातूनच गेली, बाबा. आणि आधी यातच अडली होती. आमच्या चुकीने."

झिपरूबाबांनी मान हलवली. रागावले की नाही, ते मला समजले नाही. कमळाबाई मात्र बोलल्या. "त्या दिवशी लय शिव्या दिल्या म्या. कोणाला देतीय तेच ठाव नव्हतं."

"मला दिल्या तरी चालतील," तृप्ती म्हणाली.

"आता कशाला?" त्या म्हणाल्या आणि नवऱ्याच्या सदऱ्याची सुटलेली गुंडी लावली.

झिपरूबाबा वाकून माझ्या फायबरकडे पाहत होते. "उजेड जातो म्हणता, पण दिसत तर काय नाय."

तृप्तीने फायबर तपासायचा छोटा लाल दिवा आणला. काम नसलेल्या एका फायबरला तो लावला, तशाच दुसऱ्या रिकाम्या फायबरचे टोक झिपरूबाबांच्या हातावर धरले आणि मला सांगितले, "वळ."

मी आरसा वळवला. त्यांच्या खरखरीत तळहातावर एक लाल ठिपका उमटला.

इतकी वर्षे मी उजेड वळवला, पण तो कुणी पाहिला नव्हता. मीही नाही. कमळाबाई वाकल्या, मीना वाकली.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, शेतात आता पुष्कळ वस्तू एकमेकींशी बोलू लागतील, आणि तुम्ही त्यांना हुकूम द्याल. जरूर द्या. आम्ही ऐकण्यासाठीच आहोत. पण आम्ही काय आहोत, कुठे बसलो आहोत आणि आमच्या पलीकडे कोण आहे, एवढे आधी जाणून घ्या. आमची धूळ पुसा, आम्हाला आमच्या नावाने हाक मारा, आणि आम्ही गोंधळून थांबलो तर लगेच मोडीत काढू नका. कदाचित आम्ही तुम्हाला काहीतरी विचारत असू.

झिपरूबाबांनी तो ठिपका बराच वेळ पाहिला. मग त्यांनी हळूच मूठ मिटली. ठिपका मुठीवर आला. तो पकडता येणार नाही, हे त्यांना माहीत असणारच. तरी त्यांनी मूठ का मिटली आणि मिटताना ते का हसले, हे मला अजून कळलेले नाही. तुम्हाला कळले तर मला सांगा.